जस्ताचं गोत

काब्वेच्या बंद खाणीमागे, काळ्या ढिगावर
चोल्वे निवडायला बसते.
तांदळाच्या उलट काम:
खडा ठेवायचा, बाकीचं पाखडून टाकायचं.

बा शिकाबेता, तिचा आजा, टोपलीशेजारी.
तांबूस न्ग्वेच्या नाण्याने दगडाला ओरखडा काढतो,
उन्हाकडे धरतो, म्हणतो,
हा नव्हे. हा पण नव्हे.
मग एकदम गप्प होतो.

बोटभर हाड. हाडावर काचेची साय.

होपाइट.
नावात आशा आहे म्हणतात इंग्रजी शिकलेली पोरं.
नाही रे, ते एका स्कॉटिश मास्तराचं आडनाव.
आशा वगैरे नंतर चिकटलेली.

इथे टेकडी होती, टेकडीत गुहा,
गुहेत तरसांनी ओढून आणलेली हाडं,
हरणांची, हत्तींची, आणि एखाददुसरं
ज्याला आपण आपलं म्हटलं असतं.
वरून पाणी पाझरायचं, जस्त चाटत चाटत.
जस्ताकडे स्फुरद नव्हतं.
हाडांकडे होतं, आणि आता त्यांना
उभं राहायचं नव्हतं कुठेच.
दिलं.
कोणी लिहून ठेवलं नाही, कोणी अंगठा घेतला नाही.

टेकडी खणून गेली. कवटी जहाजाने गेली.
खड्ड्यात आता पाणी, पाण्यात आभाळ.

आजा गोत सांगतो, लग्नातल्या म्हाताऱ्यासारखा,
मध्येच विसरतो, पुन्हा मुळापासून धरतो:
हा होपाइट, पोटात चार घोट पाणी.
हा पॅराहोपाइट, त्याचा सख्खा भाऊ,
तेच जस्त, तेच स्फुरद, तेवढंच पाणी,
फक्त घरात खाटा वेगळ्या मांडलेल्या.
टारबुटाइट, पिवळट, पाणी न पिणारा, जरा तिरका.
आणि एक बहीण लांब दिलेली, बोलिव्हियाच्या डोंगरात,
फॉस्फोफिलाइट. जस्ताच्या एका पाटावर
तिने लोखंडाला बसवलं,
आणि समुद्रासारखी हिरवी झाली.
तिला मी पाहिलेलं नाही, म्हणतो.
गोऱ्या साहेबाच्या पुस्तकात चित्र होतं.

दुर्मीळ, दुर्मीळ म्हणतात.
लुसाकाला जाणाऱ्या त्या निळ्या मिनीबसचा पत्रा
रंगाआधी ज्या टाकीत बुडवला,
तिथे हीच दोघं भावंडं पत्र्यावर उगवली,
धूळ दिसेल एवढीही जाड नाहीत.
गंज येऊ नये म्हणून
रंगाखाली बसून राहिलीत, नाव न सांगता.
आणि खाणीच्या दवाखान्यात, साली कुठल्या कोण जाणे,
आज्याच्या दाढेत जे सिमेंट भरलं
ते घट्ट होताना त्यातही हाच.
आजा तोंड उघडून दाखवतो.
चोल्वे म्हणते, मिटा.

तिचा म्वेम्बा सहा वर्षांचा.
क्लिनिकमध्ये बोट टोचलं, कागदावर आकडा आला.
नर्सबाईने तो दोनदा वाचला,
दुसऱ्यांदा हळू.
शिसंही याच ढिगातलं, याच गोतातलं म्हणायचं,
पण हा पाहुणा विचारत नाही.
चुन्याच्या जागेवर बसतो
पोराच्या नळीच्या हाडात, वर्षानुवर्षं बसतो,
आणि पोरगं अक्षरं विसरत जातं.

खाटकाकडून आजा गाईची हाडं आणतो.
जाळतो, उखळात कुटतो, पांढरी राख
अंगणाच्या मातीत कालवतो.
कुण्या संशोधकाने सांगितलं होतं
की शिशाला पोटभर स्फुरद मिळालं
तर ते दगड होऊन बसतं, बारीक हिरवट दगड,
मग पावलांना लागत नाही, बोटांतून तोंडात जात नाही.
जात नाही म्हणजे कमी जातं.
तो माणूस एवढंच म्हणाला होता. कमी.

चोल्वे ते काचेच्या सायीचं हाड
विकायच्या डब्यात टाकत नाही.
शर्टाच्या खिशात ठेवते, पुन्हा काढते,
पाण्याने धुते, पुन्हा धुते,
कारण ढिगावरचं काहीच
पोराच्या हातात द्यायचं नाही, ठरलंय.

म्वेम्बा उंबऱ्यावरून विचारतो,
हे कुणाचं हाड?

आजा कुटायचा थांबतो.
चोल्वे हात पुसते,
फाटकाशी मिनीबस हॉर्न देते
आणि निघून जाते.